नागपूरचे आहेत

८ मार्च, शनिवार. सनीव्हेल

आजचं भाषण झक्क झालं. आपलं कौतुक आपणच करायचं नसतं हे मला कळतं, पण ही वही माझी आहे. इथे नाही करायचं तर कुठे?

सखी मंचाचा महिला दिन. शाळेचा हॉल भरला होता. विषय माझा नेहमीचा, कन्यादान. मुलगी म्हणजे काय भांडं आहे, नाव घालून दुसऱ्याच्या घरी द्यायला? टाळ्या. मग लग्नानंतर मी माझं सहस्रबुद्धे आडनाव कसं सोडलं नाही, ते सांगितलं. व्हिसाच्या खिडकीपासून हिमानीच्या शाळेपर्यंत प्रत्येकाला मी ऐकवत आले, होय, गिरीश करमरकरांचीच बायको, पण सहस्रबुद्धे. पुन्हा टाळ्या. शेवटी, ठरवलं होतं तसं, जरा थांबून म्हटलं, "माझी मुलगी हिमानी जूनमध्ये लग्न करतेय. तिच्या जोडीदाराचं नाव हर्षिता."

मग अख्खा हॉल उभा राहिला. दोघीतिघींनी डोळे पुसले. हिमानी मागच्या रांगेत हर्षिताशेजारी बसली होती, ती लाजून लाल झाली. मला वाटलं, आता तरी पोरीला कळलं असेल आपली आई काय आहे ते.

कारण एक सल आहे. हिमानीनं आम्हाला जानेवारीत सांगितलं. हर्षिताच्या आईला, अंजनाला, त्याआधी दीड वर्ष माहीत होतं. स्त्रियांच्या हक्कांवर बोलून बोलून मी घसा कोरडा केला आणि माझ्याच मुलीनं मनातलं सांगितलं ते दुसरीला. "मी केव्हाच ओळखलं होतं," असं मी तेव्हा म्हणाले. कुठलं काय! मला वाटत होतं, दोघी भाडं वाचवायला एकत्र राहतात.

कार्यक्रमानंतर समोशाच्या रांगेत अहिल्याताई गळ्यात पडल्या. मंचातल्या सगळ्यांत ज्येष्ठ. "धन्य आहे गं बाई तुझी!" म्हणाल्या आणि लगेच, "मुलगी गोड आहे हो. आडनाव काय?"

मी म्हटलं, "नागपूरचे आहेत."

"हो का? माझी आत्या धंतोलीत होती. पण आडनाव?"

तेवढ्यात चटणी संपली म्हणून कुणीतरी ओरडलं आणि मी तिकडे धावले. गर्दीत तपशील कुठे सांगत बसायचे. हर्षिता प्लेट घेऊन माझ्या मागेच उभी होती. तिला ऐकू गेलं असेल असं वाटत नाही, गोंगाट फार होता.

दोघी चहाला न थांबता निघून गेल्या. एकशे एक हायवेवर ट्रॅफिक लागतो म्हणे.

१६ मार्च, रविवार

आज पहिल्यांदा व्याह्यांकडे जेवायला गेलो, सांता क्लाराला.

अंजना चिप बनवणाऱ्या एका कंपनीत डायरेक्टर आहे. केस रंगवत नाही, आणि तिला ते शोभतं. हे मला गाडीतून उतरतानाच खुपलं. मी दर महिन्याला बाथरूममध्ये तासभर ती मेंदी फासून बसते. तिचे यजमान धर्मराज काउंटीत इंजिनिअर, कमी बोलणारे. गिरीशचं आणि त्यांचं सूत लगेच जुळलं. दोघं मागच्या अंगणात जाऊन ठिबकच्या नळ्या बघत बसले.

हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा मोठा फोटो. मी मुद्दाम फोटोसमोर हात जोडले. कुणाचं लक्ष नव्हतं, म्हणून म्हणाले, "आमच्या मंचावरपण आम्ही बाबासाहेबांचं नाव घेतो हं, महिला दिनाला."

अंजना हसली. "बरं," म्हणाली.

जेवायला पाटवडीचा रस्सा आणि वडाभात. तिखटजाळ, पण चव होती हे लिहायला हरकत नाही. खरं दुखलं ते वेगळंच. माझ्या स्वयंपाकघरात हिमानीला चमचे सापडत नाहीत. इथे मसाल्याचा डबा कुठल्या कपाटात आहे हे तिला न विचारता माहीत. ओट्यापाशी उभी राहून तिनं हाक मारली, "आई, रस्सा परत गरम करू?"

मी म्हटलं, "कर की."

ती अंजनाला विचारत होती.

अंजनानंच मग मला आणखी भात वाढला, जरा जास्तच. मी तो सगळा खाल्ला.

लग्नाचं ठरलं. त्यांच्या पद्धतीनं करायचं, अशी दोघींचीच इच्छा. धर्मराज यांचे एक मित्र विधी लावतील. वंदना, मग दोघींच्या तोंडी एकसारख्या प्रतिज्ञा, मग हार. पांढऱ्या साड्या. कन्यादान नाही, पाठवणी नाही, कुणी कुणाला द्यायचं नाही आणि घ्यायचं नाही. हिमानी म्हणाली, "आई, तुझ्या स्पीचसारखंच आहे ना एक्झॅक्टली?"

माझंच भाषण माझ्या गळ्यात. तरी विचारलं, "मग आईनं करायचं काय?"

"बसायचं," अंजना म्हणाली. "बघायचं."

येताना गाडीत गिरीश म्हणाला, "छान माणसं आहेत." मी खिडकीबाहेर बघत राहिले. मंचावरून एक बोलायचं आणि मनात आपल्या हातानं लेक द्यायची हौस ठेवायची, याला काय म्हणतात ते मला सांगायला नको.

३० मार्च, पाडवा

हिमानी आली. श्रीखंड खाल्लं, गुढीचा फोटो काढला आणि उठली. बाबासाहेबांच्या जयंतीच्या गाण्यांची तालीम आहे म्हणे, अंजनाकडे. आता तर 'अंजनाआई'पण नाही, नुसतं 'आईकडे'. म्हणजे मी कोण? गुढी उतरवताना हात भरून आले होते, कुणाला सांगणार?

१२ एप्रिल, शनिवार

त्यांच्याकडे जयंतीचा मोठा कार्यक्रम होता. गिरीश गेला. माझं डोकं दुखत होतं.

खोटं. डोकं दुखत नव्हतं.

गिरीशनं तिथून फोटो पाठवले. एकात हिमानी पांढऱ्या साडीत उभी आहे आणि अंजना खाली बसून तिच्या निऱ्या नीट करतेय, तोंडात पिन धरून. या पोरीला निऱ्या घालायला मी शिकवलं. सातवीत होती, मराठी शाळेच्या स्नेहसंमेलनाला. कंटाळून म्हणाली होती, धिस इज सो मच क्लॉथ. तेव्हा मी तिच्या पायाशी अशीच बसले होते. तो फोटो कुणीच काढला नव्हता.

मी मोठा करून करून तो फोटो बघितला. अंजनाचा चेहरा किती निवांत आहे. मला त्या निवांतपणाचा राग येतो. तिला भाषण करावं लागत नाही. ती नुसती बसते आणि माणसं तिच्याकडे जातात.

गिरीश परतला तो जेवणाच्या गोष्टी सांगत. मी म्हटलं, बस कर.

२७ एप्रिल, रविवार

आज खूप दिवसांनी मला काहीतरी सुचलं, जे अंजनाला सुचलं नसतं.

मंचातल्या आणि महाराष्ट्र मंडळातल्या लोकांना लग्नाचं आमंत्रण आमच्याकडून जायचं आहे. अंजनानं त्यांच्या बाजूची पत्रिका केली, ती साधी, सगळी नावं पूर्ण, गावासकट. मी वेगळी केली. फक्त 'हिमानी आणि हर्षिता'. खाली 'मीनाक्षी, गिरीश, अंजना, धर्मराज'. आडनावं नाहीतच. आडनाव म्हणजे शेवटी काय? बापाचा शिक्का. दोन मुली सगळी चौकट मोडून एकत्र येतायत, तर पत्रिकेवर तरी पुरुषसत्तेचा शिक्का कशाला? खाली बारीक अक्षरांत तसं एक वाक्यही टाकलं.

ग्रुपवर पाठवल्याबरोबर टाळ्यांची रांग. 'किती वेगळा विचार!' 'मीनाक्षीताई, यू आर ऑलवेज अहेड!' अहिल्याताईंनी फुलं पाठवली आणि खाली लिहिलं, 'सुंदर. आडनाव राहिलंय का गं?'

त्यांना मुद्दाच कळला नाही.

२८ एप्रिल

हिमानीचा फोन. तिचा आवाज मी असा कधी ऐकला नव्हता. चढलेला नव्हता, उलट सपाट.

"आई, हर्षिताचं लास्ट नेम कुठेय?"

"अगं, तुझंही नाही. कुणाचंच नाही. तोच तर पॉइंट आहे."

"तू स्वतःचं सोडलं नाहीस. थर्टी इयर्स. सगळ्यांशी भांडलीस त्याच्यासाठी. आणि तिचं कापलंस?"

मी समजावायला गेले, तिनं बोलू दिलं नाही.

"ओके. मग आत्ता म्हण. फोनवर, फक्त माझ्यासमोर. हर्षिताचं पूर्ण नाव म्हण."

"मला काय परीक्षेला बसवतेस?"

"तू एकदाही म्हटलं नाहीयेस, आई. नॉट वन्स. घरात नाही, कुणासमोर नाही. जस्ट से इट."

मला इतका संताप आला की मी फोन ठेवून दिला. आमच्या घरात तसलं काही कधीच नव्हतं. गिरीशच्या ऑफिसातले सगळ्या जातीधर्माचे लोक आमच्याकडे जेवून जातात, मी कधी कुणाला विचारलेलं नाही. मुलगी मुलीशी लग्न करतेय हे मी भर सभेत सांगितलं. माझ्या जागी दुसरी असती तर खोलीचं दार लावून बसली असती. तरी मीच वाईट!

हे सगळं कुणी तिच्या डोक्यात भरवलं, ते काय मला कळत नाही?

११ मे, रविवार. मदर्स डे

सकाळी दारात फुलांचा बॉक्स. सोबत छापील कार्ड. लव्ह, हिमानी. हातानं लिहिलेलं एक अक्षर नाही.

मी गाऊनवरच बसून होते. गिरीश म्हणाला, फोन कर. मी म्हटलं, ती तिच्या आईकडे मजा करत असेल, मी कशाला मधे पडू? तो उठून भांडी घासायला गेला. हल्ली भांडण टाळायला तो भांडी घासतो.

दुपारी बेल वाजली. दारात अंजना, एकटी, हातात डबा.

"तुम्ही बोलावलं नाही, पण मी आले," म्हणाली.

माझे केस विंचरलेले नव्हते, ओट्यावर पसारा. तिला याच दिवशी यायचं होतं. चहा टाकला. न राहवून विचारलं, "हिमानी तुमच्याकडेच ना?"

"नाही. दोघी हाइकला गेल्या. म्हणाली, एका आईकडे गेले आणि दुसरीकडे नाही, तर बरं दिसणार नाही. मलापण फुलांचा बॉक्सच आला."

मला फार बरं वाटलं. तिलाही बॉक्सच! देवा, कसली बाई आहे मी.

चहाचा घोट घेऊन अंजना म्हणाली, "एक सांगू, मीनाक्षीताई? ती माझ्याकडे येते आणि तुमच्याबद्दलच बोलून राहते. आई अशी म्हणते, आईचं ते भाषण, आईला कोथिंबीर अशी चिरलेली चालत नाही. मला राग येतो कधीकधी. जेवते माझ्याकडे आणि पोरगी पक्की तुमची."

मी साखर पुढे केली. ती साखर घेत नाही.

मग मीच विषय काढला. "पत्रिकेचं तुम्हीच तिला सांगितलंत ना?"

"मी काहीच नाही सांगितलं. मला त्यात नवीन काय आहे? मी पहिल्या नोकरीला लागले, तेव्हा ऑफिसात आपली एक मराठी बाई होती. पहिल्या दिवशी किती प्रेमानं डबा वाटून खाल्ला आम्ही. दुसऱ्या दिवशी तिनं आडनाव विचारलं. मी सांगितलं. तिसऱ्या दिवसापासून तिला जेवायला वेळच मिळेना." तिनं कप खाली ठेवला. "माझं सोडा. पण हर्षिता इथली पोर. दोन मुलींचं लग्न म्हटल्यावर लोक तोंड वाकडं करतील, त्याची तिनं तयारी केली होती. तुम्ही सगळ्यांसमोर तिचं नाव घेतलं, तेव्हा ती रडली, ताई. आणि पाच मिनिटांनी समोशाच्या लाइनीत... त्याची तिची तयारी नव्हती."

"मी तशी नाही," मी म्हटलं.

"मी कुठे म्हटलं?"

गिरीशनं नळ बंद केला होता.

निघताना ती म्हणाली, "लग्नात माइक तुमच्या हातात द्यायचा आहे. निवेदन तुम्हीच करायचं. हिमानीचीच इच्छा आहे, विचारायला घाबरते ती. दोघींची नावं घ्यायची, आईवडिलांसकट. पूर्ण."

ती गेल्यावर डबा उघडला. सांबारवडी होती, त्यांच्याकडची कोथिंबिरीची. माझ्या लेकीचा निरोप या बाईनं मला आणून द्यावा, याचा राग आला आणि त्या रागात मी दोन वड्या उभ्याउभ्याच खाल्ल्या.

१३ मे

हिमानीला मेसेज केला, 'निवेदन करीन.' तिनं हार्ट पाठवला. फोन नाही केला. दिवसभर मी तो एक हार्ट बघत होते.

८ जून, रविवार

इंडियन स्टोअरच्या पार्किंग लॉटमध्ये गाडी बंद करून, काचा वर करून सराव केला. सुरुवात छान जमते. 'नमस्कार, मी मीनाक्षी सहस्रबुद्धे' हे तर मी झोपेतही म्हणेन. हिमानीचं नावही सुरेल येतं. हर्षिताच्या नावापाशी आले की आवाज आपोआप खाली जातो. अहिल्याताईंचा चेहरा डोळ्यांपुढे येतो, पुढच्या रांगेतला.

मराठी शाळेत मी पोरांकडून 'धृष्टद्युम्न' म्हणून घेतलंय. हे तर चार अक्षरांचं आडनाव, एकही जोडाक्षर नाही. मग अडतं कुठे?

बाजूच्या गाडीत बसलेला माणूस बघत होता. त्याला वाटलं असेल, बाई फोनवर कुणाशी तरी भांडतेय. मी कोथिंबीर न घेताच परत आले.

लिहायला लाज वाटते, पण लिहिते. हे आडनाव अंजना रोज, कुठेही, कुणालाही, चेक-इनच्या काउंटरवर सांगावं तसं सांगते. पुढे काय होणार हे माहीत असून सांगते. मला तिचे पांढरे केस खुपतात, नोकरी खुपते, हिमानी तर खुपतेच. पण सगळ्यांत जास्त खुपतं ते हे. माझं आडनाव धरून ठेवायला मी किती धाडस केलं म्हणून टाळ्या घेतल्या. माझं आडनाव सांगितल्यावर कुणी डबा झाकला नव्हता.

२१ जून, शनिवार

लग्न झालं.

हॉल साधाच, खिडक्यांतून भरपूर ऊन. दोघी पांढऱ्या साड्यांत. हिमानीच्या निऱ्या मीच घातल्या. सकाळी ती स्वतःहून माझ्यासमोर येऊन उभी राहिली, काही न बोलता. मी खाली बसले. पिन तोंडात धरल्यामुळे मलाही काही बोलता आलं नाही, ते बरंच झालं.

मग माइक. मंडळातले सगळे आलेले, पुढच्या रांगेत अहिल्याताई. मी नमस्कार केला, माझं नाव सांगितलं, हिमानीचं सांगितलं. कागद हातात होता. समोर हर्षिता उभी होती. ती माझ्याकडे बघत नव्हती, जमिनीकडे बघत होती. तेव्हा मी कागद मिटला.

"आणि हर्षिता," मी म्हटलं, "हर्षिता अंजना धर्मराज गजभिये. राहणार सांता क्लारा, मूळ गाव नागपूर."

आवाज खाली गेला नाही. उलट जरा जास्तच मोठा निघाला, स्पीकर कुंईकन वाजला आणि मागे कुणाचं तरी बाळ रडायला लागलं. हर्षितानं मान वर केली.

पुढे वंदना, प्रतिज्ञा, हार. कुणी कुणाला दिलं नाही. मी बसले आणि बघितलं. हार घालून झाल्यावर हिमानीनं आधी अंजनाला मिठी मारली, मग मला. अंजना जवळ उभी होती म्हणूनही असेल. मी नीट पाहिलं होतं, त्यामुळे चूक होणं शक्य नाही.

जेवणाच्या रांगेत अहिल्याताईंनी माझा दंड धरला. आवाज अगदी खाली. "अगं, गजभिये म्हणजे... कोण?"

"म्हणजे माझे व्याही," मी म्हटलं. रांगेत पुढेमागे सगळ्यांना ऐकू जाईल इतपत मोठ्यानं. "चला, रस्सा घ्या. तिखट आहे."

त्यांनी रस्सा घेतला नाही. त्यांना ॲसिडिटी आहे म्हणाल्या. असेलही.

ताट घेऊन मी कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसले. हर्षिता शेजारी येऊन बसली, गळ्यातला हार सांभाळत.

"काकू," म्हणाली, "महिला दिनालापण मी लाइनीत तुमच्या मागेच होते."

"माहीत आहे."

"मला ऐकू आलं होतं."

"तेही माहीत होतं गं," मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग माझ्या ताटातली एक पाटवडी उचलून खाल्ली, न विचारता. पलीकडून कुणीतरी फोटोसाठी हाक मारली तशी उठून गेली.

काकू! तिकडे हिमानी उठल्याबसल्या अंजनाला आई म्हणते, आणि इकडे मी काकू. जळफळाट होतो, खोटं कशाला लिहू? जिभेवर आलं होतं की अगं, आता तरी आई म्हण. नाही म्हटलं. माझ्या तोंडून तिचं नाव निघायची तिनं इतके महिने वाट बघितली. आता वाट बघायची पाळी माझी आहे.